रुंद अलॉय घेतले, आता टायर कोणता? स्पोर्ट्स कारच्या टायरमापाचं सोपं गणित

इन्स्टाग्रामवर गाड्यांची रील्स पाहणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार, मडगार्डच्या काठाला भिडलेली रुंद अलॉय व्हील्स आणि त्यांवर रबर ताणून बसवलेले अरुंद टायर. फोटोत हे झकास दिसतं. पण तोच टायर वेगात वळणावर खड्ड्यात आदळला, तर रिमवरून निसटू शकतो. उलट कुणी मोठाच टायर घातला, तर तो सस्पेन्शनला घासून आतल्या बाजूने कापला जातो आणि मालकाला कित्येक दिवस पत्ताही लागत नाही.

रुंद चाक विकत घेणं सोपं आहे. त्यावर कोणत्या मापाचा टायर बसवायचा, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर अंदाजाने नाही, चार आकड्यांच्या हिशेबाने मिळतं. उदाहरणासाठी जगभर सर्वाधिक ‘मॉडिफाय’ होणाऱ्या स्पोर्ट्स कारपैकी एक घेऊ : टोयोटा जीटी८६.

कंपनीने अरुंद टायर का दिले?

२०१२ मध्ये बाजारात आलेली जीटी८६ टोयोटा आणि सुबारूने मिळून बनवली. दोन लिटरचं इंजिन, २०० पीएस ताकद, मागच्या चाकांना ड्राइव्ह. पण टायर मात्र २१५/४५ आर १७. बऱ्याच देशांत त्यावर मिशेलिन प्रायमसी एचपी हे टायर यायचे आणि तेच टायर टोयोटाच्या प्रियस या काटकसरी हायब्रिड गाडीच्या काही मॉडेल्सवरही होते. त्यावरून टीका झाली, थट्टाही झाली. पण ही कंजुषी नव्हती. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना कमी वेगातही चालवायला मजा येईल अशी गाडी हवी होती. पकड थोडी कमी असली की गाडी हळूहळू घसरते आणि चालकाला ती सावरता येते.

ज्यांना ट्रॅकवर जास्त पकड हवी असते, ते मूळची ७ इंच रुंदीची रिम काढून ८ किंवा ९ इंची रिम बसवतात. हिशेब इथून सुरू होतो.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

२१५/४५ आर १७ ८७ डब्ल्यू हे माप असं वाचायचं :

- २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ४५ म्हणजे टायरच्या बाजूची, म्हणजे साइडवॉलची उंची. ही मिलिमीटरमध्ये नसते, ती रुंदीच्या टक्केवारीत असते. २१५ चे ४५ टक्के, म्हणजे सुमारे ९७ मिमी.
- आर म्हणजे रेडियल बांधणी.
- १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.
- ८७ हा भार निर्देशांक. एक टायर जास्तीत जास्त ५४५ किलो पेलू शकतो, असा त्याचा अर्थ.
- डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला मान्यता.

घोळ होतो तो दुसऱ्या आकड्यात. ४५ ही टक्केवारी असल्याने रुंदी वाढली की ४५ तसाच ठेवूनही टायर उंच होतो. म्हणूनच रुंद टायर घेताना हा आकडा बहुतेक वेळा खाली आणावा लागतो.

पहिली पायरी : रिमला कोणता टायर चालतो?

रिमची रुंदी ही टायर जिथे बसतो त्या दोन आतल्या कडांमधली असते. बाहेरून टेप लावला तर ९ इंची रिम साधारण १० इंच भरते. त्यामुळे माप टेपने न घेता रिमवर कोरलेला आकडा वाचावा.

प्रत्येक टायरमापाला किती ते किती इंचांची रिम चालते, हे ठरलेलं असतं आणि टायर कंपनीच्या तक्त्यात छापलेलं असतं. १७ इंची चाकांसाठी नेहमीचे आकडे असे :

- २१५/४५ : ७ ते ८ इंच
- २२५/४५ : ७ ते ८.५ इंच
- २३५/४० : ८ ते ९.५ इंच
- २४५/४० : ८ ते ९.५ इंच
- २५५/४० : ८.५ ते १० इंच

म्हणजे ९ इंची रिम घेतली, तर मूळचा २१५ आणि त्याच्या पुढचा २२५, दोन्ही बाद. ‘आधी रिम घेऊ, टायर जुनेच वापरू’ हा बेत इथेच फसतो. ८ इंची रिमवर मात्र २२५/४५ मर्यादेत बसतो.

ही मर्यादा पाळायची कशासाठी? टायरच्या आतल्या कडेला पोलादी तारांचं कडं असतं, त्याला बीड म्हणतात. आतली हवा हे बीड रिमवर दाबून धरते. अरुंद टायर रुंद रिमवर ताणला की साइडवॉल तिरकी होते, बीडवर भलत्या दिशेने ताण येतो आणि रिमची कड उघडी पडते. मग खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. हवा थोडी कमी असताना जोरात वळण घेतलं, तर बीड सुटून टायर क्षणात रिकामा होऊ शकतो. दुसऱ्या टोकाला, फार रुंद टायर अरुंद रिमवर चढवला तर तो फुग्यासारखा गोल होतो. वळणावर तो आडवा डुलतो आणि त्याची मधली पट्टी लवकर झिजते.

दुसरी पायरी : एकूण उंची जुळते का?

मूळ टायरचा एकूण व्यास काढू. साइडवॉल ९६.७५ मिमी, वरची आणि खालची मिळून १९३.५. त्यात १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी मिळवले की बेरीज ६२५.३ मिमी. आता पर्याय पाहू :

- २२५/४५ आर १७ : ६३४.३ मिमी, १.४ टक्के जास्त
- २३५/४० आर १७ : ६१९.८ मिमी, ०.९ टक्के कमी
- २४५/४० आर १७ : ६२७.८ मिमी, ०.४ टक्के जास्त
- २५५/४० आर १७ : ६३५.८ मिमी, १.७ टक्के जास्त

९ इंची रिमसाठी २४५/४० हे माप का लोकप्रिय आहे, ते या यादीतून कळतं. रिमची मर्यादा पाळली जाते आणि उंचीही जवळपास मूळचीच राहते.

उंचीचा एवढा आग्रह धरण्याचं कारण असं की स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजून वेग दाखवतो. टायर उंच झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि काटा मात्र खरा वेग कमी दाखवतो. टायर बुटका झाला तर गिअर आखूड पडल्यासारखे वाटतात आणि गाडी जमिनीच्या आणखी जवळ जाते. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चारही चाकांच्या फेऱ्यांची एकमेकांशी तुलना करतात. पुढच्या आणि मागच्या टायरांच्या उंचीत फरक पडला, तर या यंत्रणांची गल्लत होऊ शकते.

कंपन्याही हेच गणित पाळतात. याच गाडीच्या पुढच्या पिढीच्या, म्हणजे जीआर८६ च्या महाग मॉडेलला टोयोटाने १८ इंची चाकं दिली, तेव्हा टायर २१५/४० केला. व्यास झाला ६२९.२ मिमी. रिम एक इंचाने वाढली, पण टायरची एकूण उंची चारच मिलिमीटरने बदलली.

तिसरी पायरी : चाक मावतं का?

यासाठी ऑफसेट समजून घ्यावा लागतो. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम जिथे हबला टेकते ती जागा, यांमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. जीटी८६ च्या मूळ रिमचा ऑफसेट +४८ आहे. हबला टेकणारी जागा मध्यरेषेपासून ४८ मिमी बाहेरच्या बाजूला आहे, असा त्याचा अर्थ. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत जातं.

७ इंची, +४८ रिमच्या जागी ९ इंची, +४५ रिम बसवली असं समजू.

मूळ रिमची अर्धी रुंदी ८८.९ मिमी. हबच्या जागेपासून आत ८८.९ + ४८ = १३६.९ आणि बाहेर ८८.९ − ४८ = ४०.९. नव्या रिमची अर्धी रुंदी ११४.३ मिमी. आत ११४.३ + ४५ = १५९.३ आणि बाहेर ११४.३ − ४५ = ६९.३.

म्हणजे नवी रिम आतल्या बाजूला सुमारे २२ मिमी आणि बाहेर सुमारे २८ मिमी जास्त जागा खाणार. टायरचा फुगवटा रिमच्या कडेबाहेर येत असेल, तर तो यात धरलेला नाही. तुलनेसाठी, ८ इंची +४५ रिम आत जेमतेम १० आणि बाहेर १६ मिमी वाढते.

आत धोका असतो तो सस्पेन्शनच्या स्ट्रटचा, त्यातही स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या थाळीचा. बाहेर मडगार्डची कड असते. आत घासतंय म्हणून ५ मिमीचा स्पेसर लावला, की +४५ चा ऑफसेट प्रत्यक्षात +४० होतो आणि चाक तेवढंच बाहेर येतं. एकीकडची अडचण दुसरीकडे सरकते. जपानमध्ये रिम मडगार्डच्या बाहेर डोकावली, तर गाडी ‘शाकेन’ या सक्तीच्या तपासणीत नापास होते.

रिम मुळात बसण्यासाठी आणखी दोन मापं जुळावी लागतात. जीटी८६ ला पाच नटांची आणि १०० मिमी पीसीडीची रिम लागते. मधलं भोक ५६.१ मिमीपेक्षा मोठं असेल, तर हब रिंग घालावी, नाहीतर रिम मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टीअरिंग थरथरतं.

चौथी पायरी : भार पेलतो का?

नव्या टायरचा भार निर्देशांक मूळच्यापेक्षा कमी नको. इथे तो ८७ आहे आणि २४५/४० आर १७ मध्ये सहसा ९१ (६१५ किलो) किंवा ‘एक्सएल’ असेल तर ९५ (६९० किलो) मिळतो. एक्सएल टायरला मात्र पूर्ण क्षमतेसाठी जास्त हवा लागते, त्यामुळे हवेचा आकडा कंपनीच्या तक्त्यातून पाहावा. रिमलाही स्वतःची भारक्षमता असते. जपानी रिमवरची जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही चिन्हं ताकदीच्या चाचणीशी संबंधित आहेत. मोठ्या ब्रँडसारख्या दिसणाऱ्या स्वस्त नकला वेगात तडकल्या, तर टायर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

रुंद म्हणजे जास्त पकड, हे खरं का?

अर्धंच खरं. जमिनीला टेकणाऱ्या रबराचं क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. रुंद टायरमुळे ते फार वाढत नाही, त्याचा आकार बदलतो : रुंदीला जास्त, लांबीला कमी. या आकारामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना फायदा होतो आणि ट्रॅकवर टायर लवकर तापून ढिला पडत नाही. किंमतही मोजावी लागते. चाक जड होतं, स्टीअरिंग रस्त्याच्या उंचसखलपणाबरोबर ओढलं जातं, इंधन जास्त लागतं. साचलेल्या पाण्यात रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात, म्हणून तो तुलनेने कमी वेगातच तरंगू लागतो. कोकणातल्या पावसाळी रस्त्यावर ही गोष्ट क्षुल्लक नाही.

फक्त मागे रुंद टायर लावले, तर गाडीचा तोल बदलतो. मागची पकड वाढते, पुढची तेवढीच राहते आणि वळणावर नाक बाहेर जाऊ लागतं. जीटी८६ चे बरेच मालक म्हणूनच चारही चाकांना एकच माप ठेवतात. शिवाय टायर पुढे-मागे अदलाबदल करून सारखे झिजवता येतात.

सगळ्यात स्वस्त सुधारणा अनेकदा रिम न बदलताच होते. मूळ ७ इंची रिमवर २२५/४५ मान्य मर्यादेत बसतो. अगदी २१५ मापातलेच चांगल्या रबराचे टायर घातले, तरी पकड आणि ब्रेकिंगचं अंतर यांत मोठा फरक पडतो.

भारतात नियम काय?

जीटी८६ भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, पण हेच गणित स्विफ्टपासून पोलोपर्यंत प्रत्येक गाडीला लागू होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वाहनाच्या मूळ रचनेतल्या बदलांविरुद्ध निकाल दिला. सुरक्षित वाट म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला दिलेलं माप निवडणं आणि विमा कंपनीला ते लेखी कळवणं.

पैसे देण्याआधी

टायरवाल्याला आधी एकच चाक बसवायला सांगावं. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आत बोट फिरवून पाहावं. चारही चाकं लागल्यावर गाडीत माणसं बसवून स्पीड ब्रेकरवरून हळू न्यावं आणि नंतर टायरच्या आतल्या बाजूला व मडगार्डच्या अस्तराला घासल्याच्या खुणा शोधाव्यात. साधारण शंभर किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत आणि अलाइनमेंट तपासावी. खूण दिसली तर ‘थोडंसंच घासतंय’ म्हणून सोडून देऊ नये. साइडवॉल हा टायरचा सर्वांत नाजूक भाग असतो आणि तिथे पडलेला काप दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो.