इशारा केव्हा चूक ठरतो?

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’तला एखादा अग्रलेख आजच्या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमला दिला, तर पानभर लाल रेघा उमटतील. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’ ही रूपे आज अशुद्ध. पण टिळकांच्या काळी तीच रीत होती. अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचा नियम शासनमान्य झाला १९६२ साली. तेव्हा तपासणाऱ्याने आधी विचारायला हवे : मजकूर कोणत्या नियमांखाली लिहिला?

संगणकाच्या भाषांनाही असेच वय असते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकारंभी ‘सी’ भाषा घडवली. तिचा कंपायलर लिहिणाऱ्यावर फार विश्वास टाकी. म्हणून तिथल्याच स्टीफन जॉन्सन यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लिंट’ हा प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. किंमत न देताच वापरलेला चल, कधीच अमलात न येणारी ओळ, असे तंतू तो वेचून दाखवी. पुढे हे काम कंपायलरांनीच उचलले आणि त्याला ‘वॉर्निंग’, म्हणजे इशारा, हे नाव रूढ झाले.

गुंता झाला तो भाषेची प्रमाण रूपे बदलू लागल्यावर. १९८९च्या ‘सी’मध्ये फंक्शनचा प्रकार लिहिला नाही तर तो पूर्णांक मानला जाई. १९९९च्या प्रमाणाने ही सवलत काढली. तरीही जीसीसी हा मोफत कंपायलर नुसते इशारे देत राहिला; अखेर २०२४ साली, चौदाव्या आवृत्तीत, त्याने ती चूक ठरवली. पंचवीस वर्षांची नोटीस!

आपल्याकडचे उदाहरण अधिक ओळखीचे आहे. रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत कित्येक विद्यार्थी ‘सी प्लस प्लस’ शिकले ते टर्बो कंपायलरवर. तो १९९०चा, तर भाषेचे पहिले प्रमाण १९९८चे. साहजिकच ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ ही पहिली ओळ सगळ्यांच्या हातात बसली. जीसीसीच्या तिसऱ्या मालिकेने ती जुनाट असल्याचा इशारा दिला आणि २००८च्या ४.३ आवृत्तीतून ती फाइलच काढून टाकली. अशा वेळी ‘तुझा प्रोग्रॅम चुकला’ असे विद्यार्थ्याला सांगणे आम्हांला अन्यायाचे वाटते. तो चुकला नाही, त्याचे पुस्तक जुने झाले.

मात्र सगळेच इशारे वयाचे नसतात. ‘गेट्स’ हे फंक्शन आलेला मजकूर किती लांब आहे ते पाहतच नाही. नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला, त्याची एक वाट याच फंक्शनमधून गेली होती. २०११च्या प्रमाणाने ते वगळले. तिथे जुन्याचा मान राखण्यात अर्थ नाही.

म्हणूनच सगळे इशारे एकदम बंद करण्याची जी घाई प्रयोगशाळेत दिसते, ती आम्हांला पसंत नाही. एकच इशारा, एकाच जागी, कारण लिहून बंद करावा. तशी खूण प्रोग्रॅममध्ये लिहिण्याची सोय जॉन्सन यांच्या लिंटमध्येही होती. कंपायलरला सालही सांगता येते. १९८९चे नियम लाव म्हटले, की जीसीसीची चौदावी आवृत्तीसुद्धा प्रकार न लिहिलेले फंक्शन स्वीकारते. ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ला हा उपाय नाही. फाइलच नसल्याने ती ओळ बदलावी लागते.