पाव गुणाचा निकाल

मुष्टियुद्धात प्रतिस्पर्धी आडवा झाला, की वादाला जागा उरत नाही. दोघेही अखेरच्या घंटेपर्यंत उभे राहिले, म्हणजे मात्र एक निकाल पंचाच्या कागदावर लागतो आणि दुसरा समालोचकाच्या मुखातून. हे दोन निकाल किती निराळे असू शकतात, हे १६ मार्च १९७१ रोजी लंडनमध्ये वेंब्ली येथे झालेल्या हेन्री कूपर व ज्यो बग्नर यांच्या लढतीत दिसून आले.

कूपर तेव्हा ३६ वर्षांचा आणि इंग्रजांच्या गळ्यातला ताईत. १९६३ साली त्याच्या डाव्या ठोशाने कॅशियस क्ले, म्हणजेच पुढचा मुहम्मद अली, जमिनीवर आला होता. (पुढच्याच फेरीत जखमेमुळे लढत थांबवून कूपरला पराभूत ठरविण्यात आले, हे सांगण्याचे लोक सोयिस्करपणे विसरतात.) बग्नर नुकताच २१ वर्षांचा झालेला, हंगेरीत जन्मलेला आणि १९५६ च्या उठावानंतर निर्वासित म्हणून इंग्लंडात आलेला. पणाला ब्रिटिश, राष्ट्रकुल व युरोपीय अशी तिन्ही अजिंक्यपदे लागलेली.

गुण देणारा एकटाच, रिंगणातला पंच हॅरी गिब्स. त्या वेळच्या ब्रिटिश पद्धतीत फेरी जिंकणाऱ्यास पाच गुण, हरणाऱ्यास बहुधा पाव गुण कमी, आणि बरोबरी झाल्यास दोघांसही पाच. पंधरा फेऱ्या संपल्यावर गिब्सने बग्नरचा हात उचलला. गुण होते ७३¾ आणि ७३½. प्रत्येक फेरीचा फरक पाव गुणाचाच धरला, तर बग्नरच्या वाट्यास सहा फेऱ्या येतात, कूपरच्या पाच, आणि चार बरोबरीच्या. म्हणजे बग्नरची एक फेरी कूपरकडे गेली असती, तर इतिहास उलटा लिहावा लागला असता!

बीबीसीचे समालोचक हॅरी कार्पेंटर यांना हे सहन झाले नाही. या माणसाची अजिंक्यपदे अशी कशी काढून घेतात, अशा अर्थाचा उद्गार त्यांच्या तोंडून निघाला आणि तोच लोकांच्या कायमचा स्मरणात राहिला. गिब्सचा पाव गुण त्यापुढे टिकणार कसा?

आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांस यात नवल वाटू नये. फाईल वर जाताना टिपण लिहिणारा कोणता कागद आधी ठेवतो, यावर साहेबांचे मत पुष्कळदा ठरते. समालोचकही तेच करतो. कूपर पुढे सरसावला की आवाज चढतो. उंच बग्नर मागे सरकत डाव्या हाताने गुण वेचतो, त्याची नोंद होतेच असे नाही. गिब्सने मूळ कागद पाहिले होते. टिपण त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

आम्ही या लढतीची चित्रफीत आवाज बंद करून पाहिली. कूपरच जिंकला, असे आम्हांस छातीठोकपणे म्हणवत नाही. बग्नर जिंकला, असेही नाही. चार फेऱ्या बरोबरीच्या मानणारा पंच मात्र आम्हांस प्रामाणिक वाटला.

कूपर त्याच रात्री निवृत्त झाला आणि २००० साली ‘सर’ झाला. बग्नरने ब्रिटिश अजिंक्यपद त्याच वर्षी सप्टेंबरात जॅक बॉडेलकडे गमावले. पुढे अलीशी तो दोनदा लढला, दोन्ही वेळा शेवटपर्यंत उभा राहिला. पण इंग्रजांनी त्याला आपले म्हटले नाही. अखेर तो ऑस्ट्रेलियात जाऊन राहिला.