आजोबांच्या वहीतल्या फुल्या आणि रिद्धपूरचा ग्रंथ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा लेखी भाग. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मी सॉफ्टवेअरवाला. बीटेकनंतर पुण्यात नोकरी लागली, पण सध्या वर्क फ्रॉम होम, म्हणून यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ आमच्या गावी आहे. स्क्रीनवरून डोळे हटवायला मी आर्ट जर्नल सुरू केलं. त्यातलाच एक प्रकार म्हणजे ऑल्टर्ड बुक: जुनं पुस्तक घ्यायचं आणि त्याच्याच पानांवर रंग, कात्रणं, आपलं लिखाण चढवायचं. मी त्यात गुप्तहेरगिरी मिसळली. प्रत्येक पान म्हणजे एक केस, आणि संशयित मीच! ‘पैशाचा विषय निघाला की मी गप्प का होतो?’ असा प्रश्न वर लिहायचा आणि खाली पुरावे चिकटवायचे.

यासाठी मी उचलली आजोबांची कापसाच्या हिशेबाची वही. चार पानांवर पांढरा ॲक्रिलिक रंग फासला. आजीनं पाहिलं आणि म्हणाली, “काहून रंगवलं रे बाबू? तिथं तुह्या आजाच्या फुल्या होत्या ना.”

कसल्या फुल्या? आजी म्हणे, ज्यांना बिनव्याजी उसने दिले त्यांच्या नावापुढं ते फुली मारत. काका म्हणाले, उलट! ज्यांच्याकडून घेतले त्यांच्यापुढं. आजोबा देणारे होते की देणेकरी, हे सांगणारी पानं मीच बुजवली होती. माझ्या केसचा सगळ्यात मोठा पुरावा मीच संपवला.

आता आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चला, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. तेराव्या शतकाच्या शेवटी इथं म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांना पाहिलेल्या माणसांना गाठून, विचारून, एकेक आठवण जमवून. आजच्या भाषेत थेट साक्षीदारांचे जबाब! मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ मानला जातो.

पुढं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, खिलजी फौजांच्या धामधुमीत, ही मूळ प्रत हरवली असं महानुभाव परंपरा सांगते. बॅकअप कुठं? माणसांच्या डोक्यात. हिराइसा आणि इतरांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. साहजिकच आठवणी जुळल्या नाहीत. मग लिहिणाऱ्यांनी काय केलं? सगळं एकसारखं गुळगुळीत केलं नाही. अमक्याच्या सांगण्यात असं, तमक्याच्या सांगण्यात तसं, हे वेगवेगळे पाठ नावानिशी जपले. आम्ही कोड लिहिणारे दोन बदल भिडले की एक ठेवतो, दुसरा उडवतो. त्यांनी दोन्ही ठेवले.

गूढ इथंच संपत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण. परक्यांच्या हातून पवित्र मजकुराला धक्का लागू नये, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. परिणाम असा, की शेकडो वर्षं हे साहित्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला वाचताच आलं नाही. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली आणि दार उघडलं. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे.

पुस्तकावर पुस्तक चढवण्याचा आधुनिक नमुना इंग्लंडचा. १९६६ मध्ये टॉम फिलिप्स या चित्रकारानं तीन पेन्सला १८९२ ची एक विस्मृत कादंबरी विकत घेतली. पान न् पान रंगवलं, पण मधले काही शब्द उघडे ठेवले. त्या उरलेल्या शब्दांतून नवीच गोष्ट तयार झाली. ‘अ ह्युमुमेंट’ची शेवटची आवृत्ती निघाली २०१६ मध्ये. म्हणजे एकाच पुस्तकावर पन्नास वर्षं! त्याची कमाल रंगात आहेच, पण काय झाकायचं नाही हे ठरवण्यात जास्त आहे. आणि तो बाजारातल्या छापील प्रतीवर काम करत होता. माझ्या हातातली वही जगात एकच होती.

मग मी काय केलं? रंग खरवडायला गेलो तर कागदच फाटायला लागला. तेव्हा रिद्धपूरची रीत धरली. पांढऱ्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडं आजीचा पाठ, तिच्याच शब्दांत. उजवीकडं काकांचा. खाली तारीख आणि एक ओळ: ‘मूळ फुल्या माझ्या हातून गेल्या.’ निकाल लिहिला नाही.

लिहून झाल्यावर आजीला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एका साली आपणबी घेतले होते. कापूस बुडाला होता त्या साली. तुह्या काकाचंबी खरं हाय.” हे घरात याआधी कुणीच बोललं नव्हतं. पैशाचा विषय निघाला की गप्प होण्याची सवय माझ्याआधीची आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्हाला हा खेळ करायचा असेल, तर जरूर करा. फक्त रंगाचा डबा उघडण्याआधी दोन कामं. मोबाईलनं वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. खुणा त्यांना वाचता येतात.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर काळजी घ्या!