वाळूखालचे कोलोसियम

रोमच्या कोलोसियमचे वर्णन करताना आपली नजर बहुधा वर जाते. उंच कमानींकडे आणि प्रेक्षकांच्या चढत्या रांगांकडे. या वास्तूचे रहस्य मात्र पायाखाली आहे. सम्राट व्हेस्पेशियनने आरंभिलेल्या या रंगमंडलाचे उद्घाटन त्याचा पुत्र टायटस याने इ. स. 80 मध्ये केले. पुढे टायटसचा भाऊ डोमिशियन याच्या कारकिर्दीत (81–96) रिंगणाखाली दुमजली तळघर बांधले गेले.

वर लाकडी फळ्या आणि त्यांवर वाळूचा थर. वाळूच्या लॅटिन नावावरूनच ‘अरेना’ हा शब्द रूढ झाला. खाली अरुंद बोळ, पिंजरे आणि ग्लॅडिएटरांच्या शाळेपर्यंत जाणारे भुयार. तेथे उभे लाकडी रहाट बसविलेले असत. गुलाम ते फिरवीत, दोर ताणले जात, पिंजरा वर चढे आणि झडप उघडताच एखादे श्वापद अवचित वाळूवर प्रकटे. 2015 मध्ये अशी एक लिफ्ट पुन्हा उभारण्यात आली, तेव्हा ती वर खेचण्यास आठ माणसे लागली. प्रेक्षकांना तो चमत्कार वाटे. अंधारात राबणारे हात त्यांना दिसत नसत.

सहाव्या शतकात खेळ थांबले. तळघर मातीने बुजले. त्याच मातीवर 1750 मध्ये, पोप बेनेडिक्ट चौदावे यांच्या काळात, क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने उभी राहिली. उत्खननासाठी 1874 मध्ये ती हटविण्यात आली, आणि 1930 च्या दशकात सारे तळघर मोकळे झाले. पोप सहावे पॉल यांनी 1964 मध्ये गुड फ्रायडेची क्रुसाची वाट येथे पुन्हा सुरू केली.

या वाळूवर रक्तसाक्ष्यांचे रक्त सांडले, अशी श्रद्धा आपण पिढ्यान् पिढ्या जपली. रोममध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, हे निर्विवाद आहे. परंतु अमुक रक्तसाक्षी याच रिंगणात मरण पावला, असा निश्चित समकालीन पुरावा नाही. गुलामांच्या श्रमाचा पुरावा मात्र दगडातच उरला आहे. रहाटांचे खांब ज्यांत फिरत, त्या खाचा तळघराच्या जमिनीत आजही दिसतात. ते फिरविणाऱ्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

क्रूसावरील मरण ही रोमी राज्यात प्रामुख्याने गुलामांना दिली जाणारी शिक्षा होती. प्रभूने तेच मरण पत्करले. म्हणून क्रुसाच्या वाटेवर चालताना वाळूखालच्या त्या अनामिकांनाही आपण आपल्या प्रार्थनेत स्थान द्यावयास हवे.