अणुरचना : कल्पनांचा विकास आणि तुर्भे येथील संशोधन

अणू म्हणजे मूलद्रव्याचे रासायनिक गुणधर्म टिकवून ठेवणारा त्याचा सर्वांत लहान घटक. तो अविभाज्य नसून त्याला अंतर्गत रचना आहे, हे १८९७ ते १९३२ या अवघ्या पस्तीस वर्षांत प्रयोगांनी सिद्ध झाले आणि त्यातील अखेरचा मोठा शोध, म्हणजे न्यूट्रॉनचा शोध, ठाणे खाडीकाठी तुर्भे (ट्रॉम्बे) येथे उभ्या राहिलेल्या संशोधनाचा पाया ठरला.

प्राचीन भारतीय वैशेषिक दर्शनात परमाणू, द्व्यणुक, त्र्यणुक अशी चढती मांडणी आढळते. ती तर्काची मोठी झेप होती. परंतु तिला मापनाचा आधार नसल्याने आधुनिक अणुसिद्धांताची पूर्वपीठिका म्हणून तिच्याकडे पाहणे योग्य नाही. मूलद्रव्ये ठरावीक वजनी प्रमाणांतच संयोग पावतात या निरीक्षणावरून जॉन डाल्टन यांनी १९व्या शतकाच्या आरंभी मांडलेला अणू मात्र तराजूवर तपासता येत होता.

जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन हा ऋण विद्युत्‌भारित कण शोधला आणि धन भार सबंध अणूभर पसरलेला असावा असे मानले. या कल्पनेची कसोटी १९०९ मध्ये मँचेस्टर येथे लागली. हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर आल्फा कण, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्यातून बाहेर पडणारे जड धनभारित कण, सोडले असता बहुतेक कण सरळ पार गेले, पण सुमारे ८,००० पैकी एखादा चक्क मागे फिरला. पसरलेल्या विरळ भाराला हे साधणे शक्य नव्हते. म्हणून धन भार व जवळजवळ सर्व वस्तुमान एका अतिसूक्ष्म अणुकेंद्रात एकवटलेले असते, असा निष्कर्ष अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये काढला. अणुरचनेच्या इतिहासातील निर्णायक वळण हेच होय.

पण अभिजात सिद्धांतानुसार या केंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा उत्सर्जित करत क्षणार्धात केंद्रात कोसळायला हवा होता. या पेचावर नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक ऊर्जेच्या कक्षांचा तोडगा सुचवला, तर १९२५ नंतरच्या पुंजयामिकीने कक्षेच्या जागी इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता आणली. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये केंब्रिज येथे विद्युत्‌भाररहित न्यूट्रॉन शोधला, तेव्हा भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभा तेथेच शिकत होते.

भाभांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा आस्थापना स्थापन झाली. तेथील ‘अप्सरा’ ही भारतातील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झाली, म्हणजे न्यूट्रॉनांच्या आघाताने अणुकेंद्रे दुभंगण्याची, अर्थात भंजनाची, तिच्यातील साखळी स्वबळावर चालू लागली. समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनकडून आले होते. भट्टीची उभारणी मात्र भारतीय अभियंत्यांनी केली. इंधनाचा गाभा पाण्याच्या हौदात टांगलेला असे. हे पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करी, उष्णता वाहून नेई आणि प्रारणापासून संरक्षणही देई. पाण्यातील प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे गाभ्याभोवती निळसर प्रभा दिसे; तिला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात.

मंद न्यूट्रॉनांची तरंगलांबी स्फटिकातील अणूंमधील अंतराइतकी असल्याने त्यांच्या प्रकीर्णनावरून, म्हणजे विखुरण्यावरून, अणूंची मांडणी व कंपने कळतात. ‘अप्सरा’ व पुढे ‘सायरस’ या भट्ट्यांवर भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन प्रकीर्णनाची ही शाखा भारतात रुजवली. ‘अप्सरा’ २००९ मध्ये बंद करण्यात आली आणि तिच्याच इमारतीतील २ मेगावॉट क्षमतेची सुधारित भट्टी १० सप्टेंबर २०१८ रोजी क्रांतिक झाली.