श्रावणातली दक्षिणा आणि मॅट्रिकची शिष्यवृत्ती

पेशवाईत श्रावण लागला की पुण्याच्या वाटा भरून जात. दूरदूरचे वैदिक आणि शास्त्री काखेत पोथ्या घेऊन पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्याकडे, म्हणजे तिथल्या बंदिस्त आवाराकडे, निघत. तिथे दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मूळची तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांकडे आली आणि तिचा खर्च लाखांच्या घरात गेला. रमण्यातली गर्दी सरसकट दक्षिणा घेऊन परते. ज्यांची विद्या पारखून घेतली जाई, त्यांचा मान आणि रक्कम दोन्ही मोठी असत. विद्येची परीक्षा घ्यायची आणि उतरेल त्याला राज्याच्या खजिन्यातून पैसे द्यायचे, ही गोष्ट महाराष्ट्रात इंग्रजांच्या आधीपासून होती. फक्त ती परीक्षा देण्याचा अधिकार एकाच वर्णाला होता.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. पुण्यावर वचक असलेला हा ब्राह्मण वर्ग एका दिवसात दुखावणे इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनला परवडणारे नव्हते, म्हणून दक्षिणा एकदम बंद झाली नाही. तिच्यातला काही पैसा पाठशाळेकडे वळवला गेला आणि 1821 च्या ऑक्टोबरमध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचा उगम या पाठशाळेत आहे. रमण्यातल्या दक्षिणेचे विद्यार्थ्याच्या वेतनात रूपांतर होण्याची ही पहिली पायरी.

दुसऱ्या पायरीवर मात्र भांडण झाले. 1849 मध्ये सुधारक लोकहितवादी आणि पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. पण त्यावरून सनातनी मंडळी खवळली. सुधारकांच्या अंगावर लोक धावून जाण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा बावीस वर्षांचे जोतीराव फुले सुमारे दोनशे माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली ती या धामधुमीनंतर. दक्षिणेचा पैसा म्हणजे कुणाचा पैसा, हा प्रश्न जोतीरावांच्या मनात तेव्हापासून असणार. तेहतीस वर्षांनी त्यांनी तो पुन्हा काढला.

मधल्या काळात 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे दोघेही दक्षिणा फेलो झाले, म्हणजे पेशव्यांच्या दक्षिणेचा धागा थेट त्यांच्यापर्यंत पोचला. पण सरकारी पैशाला सरकारी लगामही असे. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरवले. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखून धरली.

शहराबाहेरच्या मुलांना परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचणेच जिकिरीचे होते. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरुडहून मराठी सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले ते 1875 साल. पावसाळी हवामानात समुद्रमार्ग बंद, म्हणून घाट चढून शंभराहून अधिक मैल पायी गेले. साताऱ्याला परीक्षकांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा वाटत नाही असे म्हटले आणि त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. मुलगा आला तसा माघारी गेला. पुढच्या वर्षी त्याने कोल्हापूर केंद्रावरून ती परीक्षा दिली आणि पास झाला. पुढे शंभरी ओलांडलेल्या महर्षी कर्व्यांच्या आत्मचरित्रातला हा प्रसंग आजही वाचवत नाही. त्या पायपिटीमागे कुठलाही क्लास, कुठलेही मार्गदर्शक पुस्तक नव्हते, होती ती एक छोटी सरकारी नोकरी मिळण्याची आशा.

1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन ठेवले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला शिष्यवृत्तीबद्दलचा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही. चढाओढीने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसली, तरी तिने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांनी स्पष्ट मांडले. ज्या जातींत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा सगळा इतिहास या एका मुद्द्याभोवती फिरतो.

तो मुद्दा किती खरा होता, हे मुंबईच्या एकाच शाळेत दिसले. मुंबईचे दानशूर पुढारी जगन्नाथ शंकरशेट 1865 मध्ये वारले. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला मिळे आणि तिचा दरारा मोठा होता. ती मिळवणाऱ्या मुलाचे नाव पिढ्यानपिढ्या घरात सांगितले जाई. 1912 मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलचा चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला पहिला आला आणि शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. तो पुढे केंब्रिजला गेला, आयसीएस झाला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि आयुष्यभर संस्कृत जपत राहिला. त्याने केलेला ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद त्याच प्रेमातून आला. देशमुखांच्या कष्टांना आणि बुद्धीला उणे ठरवण्याचे कारण नाही.

पण त्याच शाळेतून पाच वर्षे आधी, 1907 साली, भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले होते. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत संसार आणि अभ्यास दोन्ही चाले. वडील मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. या मुलाला संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही. त्याला फारसी घ्यावी लागली. मॅट्रिकचा सर्वांत मानाचा पैसा ज्या विषयाला बांधलेला होता, त्या विषयाच्या वर्गाचे दारच त्याला बंद होते. परीक्षेचा कागद सगळ्यांना सारखा असूनही चढाओढ सारखी का नव्हती, ते इथे उघड दिसते.

भीमरावांना वाट मिळाली ती परीक्षेच्या यादीतून नव्हे. मॅट्रिक झाल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. केळुसकरांनीच पुढे त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत नेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. 1913 मध्ये महाराजांच्याच साहाय्याने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, महिन्याला साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. 1917 मध्ये तो करार पाळायला ते बडोद्यात उतरले, तर राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. जगातल्या एका उत्तम विद्यापीठात शिकलेल्या माणसावर आपल्याच देशात अशी वेळ यावी, याची लाज आजही वाटावी.

राजे आणि दाते यांच्या मर्जीवर किती मुले तरणार? कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजातींची वसतिगृहे काढली, कारण फी माफ झाली तरी पुण्या-कोल्हापुरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न उरतोच. ब्राह्मण मुले वार लावून, म्हणजे ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी जेवून, आणि माधुकरी मागून शिकत. ती सोय इतरांना नव्हती. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये शाहू बोर्डिंग काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. मुलांचे धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र दिले. भाऊरावांची मुले शेतात राबून स्वतःची फी कमावत. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द तिथल्या घामातून रूढ झाले.

आंबेडकर 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारपुढे अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन ठेवले. त्यात शिक्षणासाठी निधीची मागणी होती. दलित विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी वर्षाला 3 लाख रुपये मंजूर झाले आणि 1944 पासून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. कुणी केळुसकर भेटण्याची, कुणी महाराज प्रसन्न होण्याची गरज राहिली नाही. मुलाने प्रवेश घ्यायचा, दाखला जोडायचा आणि हक्काचा पैसा मागायचा. शिष्यवृत्तीच्या या साऱ्या इतिहासात इतका मोठा बदल दुसरा कुठलाच नाही.

20 जून 1946 रोजी मुंबईत लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिद्धार्थ कॉलेज उघडले. तिथले वर्ग भल्या पहाटे भरत, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता येई. चाळीतल्या खोलीत रात्री दोनला उठून अभ्यास केलेल्या माणसाने काढलेले ते कॉलेज होते.