मणामागे अडीच रुपये

उरणच्या आमच्या घरात खडेमीठ चिनीमातीच्या बरणीत असायचं आणि त्या बरणीला हात लावायचा तो फक्त आजीने. तिचे वडील मिठागरावर राबलेले. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, खडे ओढून रास घालायची. ज्या आगरांवरून आम्ही आगरी म्हणवतो, त्या आगरातलं मूठभर मीठ ओच्यात बांधून घरी नेणं मात्र चोरी. कर भरल्याखेरीज मीठ आगराबाहेर काढायचं नाही. हे सांगताना आजीची मूठ आपोआप आवळायची.

पुढे अर्थशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा त्या मुठीचा हिशोब कागदावर भेटला. 1888 मध्ये सरकारने मिठावरचा कर मणाला दोनवरून अडीच रुपये केला. तो मण सुमारे 37 किलोचा, म्हणजे किलोला आण्याहून थोडं जास्तच. सरकारी बाजू अशी की, गरीब माणूस दुसरा कर फारसा देत नाही, तेव्हा राज्याच्या खर्चात त्याचाही वाटा हवा. मला हे कधीच पटलं नाही. उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ साहेबाइतकंच, किंबहुना जास्त लागतं. मग कमाईच्या मानाने सगळ्यात जड कर त्याच्याच ताटात पडतो.

इंग्लंडला हे कळत नव्हतं असं नाही. नेपोलियनशी लढताना तिथला मीठकर बुशेलला 15 शिलिंगांवर गेला होता. 1825 मध्ये त्यांनी तो आपल्या लोकांवरून साफ काढून टाकला. फ्रान्सच्या काही प्रांतांत तर आठ वर्षांवरच्या प्रत्येकाला ठरावीक मीठ विकत घ्यावंच लागे. राज्यक्रांतीने 1790 मध्ये तो कर मोडला आणि 1806 मध्ये नेपोलियनने परत आणला.

आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखले 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. तिजोरीत शिल्लक दिसते ती रयतेच्या भरभराटीची नव्हे, गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे, असं त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. 1903 मध्ये मीठकर दोन रुपयांवर आला, 1905 मध्ये दीडवर, 1907 मध्ये एकावर. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला, याकडे गोखले पुन्हा पुन्हा बोट दाखवत राहिले. म्हणजे तोवर माणसं मीठसुद्धा हात आखडून खात होती! या एका गोष्टीपाशी मी वर्गात नेहमी थांबायचो.

1923 मध्ये विधिमंडळाचा नकार डावलून व्हाइसरॉय रीडिंग यांनी तो पुन्हा अडीच रुपयांवर नेला. वर्षभरात उतरवावा लागला. मग 1930 आलं. दांडी, शिरोडा, वडाळा इथले मिठाचे सत्याग्रह झाले. कर पूर्ण उठायला 1 एप्रिल 1947 उजाडावं लागलं. पण 1931 च्या गांधी-आयर्विन करारानेच मिठाच्या जागांजवळच्या गावकऱ्यांना घरच्यापुरतं मीठ गोळा करायची मोकळीक मिळाली होती. त्या उन्हाळ्यात पणजोबांनी खाडीकाठचं मीठ टोपलीत भरून दिवसाढवळ्या घरी आणलं. आजी तेव्हा सात वर्षांची. टोपलीतून गळणारं खारं पाणी वडिलांच्या पाठीवरून ओघळत होतं, ते पुसायलाही ते थांबले नाहीत, एवढं तिला शेवटपर्यंत आठवत होतं.